पीपचं भोक आणि मामाचा डोळा

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. कारण सरळ आहे, यातली चूक माझी आहे आणि घरात ती सगळ्यांना माहीत आहे. पण परवा ताई म्हणाली, "जगाला एवढं शहाणपण शिकवत असतोस, हेही लिही की." तर लिहितो.

विषय म्हटलं तर फारच बारीक. अगदी शब्दशः बारीक. कंपाउंड धनुष्याच्या दोरीत एक चिमुकली गोल वस्तू बसवलेली असते, तिला मधोमध भोक असतं. तिला पीप म्हणतात. त्या भोकाचं माप काय असावं, एवढाच प्रश्न. पण या एवढ्याशा भोकापायी माझ्या भाचीची एक निवड हुकली. भोक मी निवडलं होतं.

ज्यांनी कधी कंपाउंड हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी पुढे उडी मारली तरी चालेल. ऑलिंपिकमध्ये आपण टीव्हीवर बघत आलो ते धनुष्य म्हणजे रिकर्व्ह. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. मिसूरीच्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या गृहस्थांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. या चाकांची गंमत अशी की दोरी पूर्ण ओढून झाली की वजन एकदम उतरतं. पन्नास पौंडांचं धनुष्य असेल आणि ऐंशी टक्के वजन उतरत असेल, तर शेवटी हातात दहाच पौंड धरायचे असतात. म्हणजे नेम धरायला निवांत वेळ मिळतो. आणि वेळ मिळाला की सगळा भार येतो डोळ्यावर.

नेम धरायचा तो दोन गोलांतून. एक गोल पुढे, धनुष्यापासून लांब दांडीवर बसवलेला स्कोप. त्याला बाहेरून कडं, आत भिंग, भिंगावर ठिपका. दुसरा गोल डोळ्याजवळ, दोरीतला पीप. पीपमधून बघायचं, पुढच्या स्कोपचं कडं पीपच्या गोलात बरोबर मधोमध बसवायचं, मग ठिपका पिवळ्यावर न्यायचा. रिकर्व्हवाल्यांना पीप लावायची परवानगीच नसते, ते बिचारे दोरीच्या अंधुक रेघेवर काम भागवतात. आपल्याकडे भोक आहे, ही आपली चैन.

आता ही चैन किती मोलाची ते आकड्यांत सांगतो. (आयुष्य टूलरूममध्ये गेलं. मिलिमीटर आला की मी खूश.) पीपपासून स्कोप साधारण ८० सेंटीमीटरवर असतो. टार्गेट ५० मीटरवर. आता कडं पीपच्या मधोमध न बसता डोळा एक मिलिमीटर बाजूला सरकला असं समजा. त्रैराशिक मांडा, टार्गेटवर सहा सेंटीमीटरांहून थोडा जास्तच फरक पडतो. आणि तिथलं दहाचं वर्तुळ असतं सगळं मिळून आठ सेंटीमीटरांचं, म्हणजे मध्यापासून चारच. बरोबर मध्यावर जाणारा बाण नवात जाऊन बसला! एका मिलिमीटरपायी.

हे गणित कळलं की माणसाला पुढची पायरी आपोआप सुचते. भोक जितकं बारीक, तितका डोळा हलायला वाव कमी, तितका नेम पक्का. मलाही हेच सुचलं. मैदानावर बहुतेकांना हेच सुचतं. आणि इथंच सगळं फसतं.

पण आधी माझं सांगतो. मी पंचेचाळिशीत धनुष्य घेतलं, हौस म्हणून. रविवारी सकाळी नऊ ते अकरा, बस. तोवर चाळिशीचा चष्मा लागलेलाच होता. लांबचं टार्गेट ठीक दिसायचं, पण हातभर अंतरावरच्या स्कोपमधला ठिपका म्हणजे नुसता डाग. सुरुवातीला धनुष्यावर मोठा पीप होता. मग एकाने ३/६४ इंचाचं भोक लावून बघ म्हणून सांगितलं. ३/६४ म्हणजे १.२ मिलिमीटर. लावलं, आणि काय सांगू, चमत्कारच झाला. ठिपका स्पष्ट, टार्गेट स्पष्ट, पिवळ्यातल्या रेघासुद्धा दिसायला लागल्या.

यात चमत्कार वगैरे काही नव्हता. डोळ्यांचे डॉक्टर बारीक भोकाची पट्टी डोळ्यासमोर धरून वाचायला सांगतात ना, तोच प्रकार. तुम्हीही करून बघा. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडा, चष्मा काढा आणि त्या भोकातून पेपर वाचा. अक्षरं चक्क लागतात. बारीक भोकातून किरणांची अगदी चिंचोळी जुडी आत येते, त्यामुळे डोळ्याचं भिंग नीट जुळलं नाही तरी चित्र कमी विस्कटतं. जाता जाता हेही सांगून ठेवतो की याला हद्द आहे. एक मिलिमीटरच्या बरंच खाली गेलात की प्रकाश भोकाच्या कडांवरून पसरायला लागतो आणि चित्र पुन्हा मऊ होतं. शिवाय प्रत्येक पायरीला उजेड कमी होतो तो वेगळाच.

पण मी त्या आनंदात होतो. नव्याने पंथात आलेला माणूस कसा असतो? जो भेटेल त्याला माळ घालायला निघतो. माझ्या समोर होती भाची.

भाची साताऱ्याची, तेव्हा सोळा वर्षांची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारले, तेव्हापासून कंपाउंड म्हणजे काय ते आमच्या नातेवाइकांनाही कळायला लागलं. त्याआधी मी "धनुष्यबाण मारतो" म्हटलं की लोक हसायचे. भाचीने त्या आठवड्यात जो हट्ट धरला तो सोडला नाही. धनुष्य लाखाच्या घरातलं. ताई-भावोजींनी पोटाला चिमटा काढून घेतलं. मी मामा, त्यातून मोजमापातला, म्हणून धनुष्य जुळवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मीच ओढून घेतलं.

तिच्या धनुष्यावर ३/३२ चा पीप होता आणि ती बरी मारत होती. सहा बाणांत चार-पाच पिवळ्यात, एखादा लालमध्ये. मी पीपमधून डोकावलो आणि म्हणालो, "केवढं हे भोक! यातून बैलगाडी जाईल." आणि भोक बदलून ३/६४ टाकलं. अलीकडच्या पीपमध्ये आतलं भोकाचं नळकांडं स्क्रूसारखं फिरवून काढता येतं, त्यामुळे दोरी उघडावी लागत नाही. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांत मी तिचा उजेड चौथाईवर आणला.

हो, चौथाई. भोक निम्मं झालं की त्याचं क्षेत्रफळ पाव होतं. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचू नये? सुचलं नाही. कारण मी माझ्या रविवारच्या नऊ ते अकराच्या उन्हात मारत होतो. तिथे उजेड रग्गड.

आणखीही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझा स्कोप २९ मिलिमीटरचा, तिचा ३५ चा. माझ्या बारीक भोकातून माझं लहान कडं पूर्ण दिसतं आणि बाहेर प्रकाशाची बारीकशी कडा उरते. तिच्या मोठ्या कड्याची बाहेरची बाजू त्याच भोकात मावेचना, तीही भर उन्हात. म्हणजे जे मधोमध बसवायचं तेच तिला दिसत नव्हतं. दोन गोल एकात एक बसवायला डोळा फार हुशार असतो, आपोआप जुळवतो. पण त्यासाठी दोन्ही गोल दिसावे तर लागतात! ती म्हणाली, "मामा, कडं नीट दिसत नाही." मी म्हणालो, "सवय होईल."

हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मे महिना तसाच गेला. उन्हात ती मारत राहिली, आकडे थोडे खाली आले, मी म्हणालो नवीन गोष्ट आहे, वेळ लागतो. जुलैमध्ये निवड होती. ज्यांनी साताऱ्याचा जुलै पाहिलाय त्यांना सांगायला नको. सकाळी दहा वाजता संध्याकाळ वाटावी असं आभाळ, भुरभुर पाऊस, स्कोपच्या भिंगावर थेंब. मी मागे खुर्चीत छत्री घेऊन. भाची धनुष्य ओढायची, थांबायची, थांबायची... आणि उतरवायची. परत ओढायची. परत उतरवायची. घड्याळ चालू. तिचे हात थरथरायला लागलेले मला मागून दिसत होते, आणि मी मनात म्हणत होतो, मार ना गं, काय बघतेस एवढं? ती काय बघत होती? काहीच नाही. काळ्या नळीच्या टोकाला एक राखाडी डाग.

एका फेरीत एक सहा आला आणि एक एम. एम म्हणजे बाण टार्गेटच्या कागदाला लागलाच नाही. थोडक्या गुणांनी निवड हुकली.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणीच बोललं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मामा, मला पिवळं दिसतच नव्हतं."

"मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास सवय होईल."

यावर मी काय बोलणार? वायपर चालू होते ते बघत बसलो.

पुढचे दोन महिने तिने धनुष्याला हात लावला नाही. घरी सगळ्यांना सांगायची, दहावीनंतरचा अभ्यास आहे. मला आतून माहीत होतं अभ्यास कशाचा आहे. ताई मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागत होतं. सोळाव्या वर्षी माणूस "भोक चुकलं" असं म्हणत नाही, "मीच चुकले" म्हणतो. तिला वाटत होतं आपल्यात नेमच नाही. एवढ्या लाखभराच्या वस्तूत काहीशे रुपयांचं एक नळकांडं चुकीचं आहे, आणि ते आपल्या मामाने बसवलंय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग मी तेव्हा करायला हवं होतं ते आता केलं. कागद घेऊन बसलो. आधी सोपं गणित मांडलं. डोळ्यापासून पीप १० सेंटीमीटर, स्कोप ९० सेंटीमीटर, कडं ३५ मिलिमीटर. त्रैराशिकाने भोक आलं जवळजवळ ४ मिलिमीटर. पण एवढं मोठं भोक मैदानावर कुणीच लावत नाही! मग गणित चुकलं कुठे? डोक्यात प्रकाश पडायला एक संध्याकाळ गेली. मी डोळा म्हणजे कागदावरचा एक बिंदू धरला होता. डोळा बिंदू नसतो. बाहुलीला स्वतःची रुंदी असते, उन्हात दोन-अडीच मिलिमीटर. बाहुलीच्या एका कडेपासून निघून पीपच्या समोरच्या कडेवरून जाणारी तिरपी रेघही मोजायला हवी. ती धरली तर त्याच ३५ च्या कड्याला भोक येतं जेमतेम १.६ मिलिमीटर. म्हणजे १/१६ इंच.

आणि आभाळ आलं की बाहुली मोठी होते, तेव्हा तेच भोक मोठं पण कडेला धुरकट दिसतं. थोडक्यात, पीपचं माप एकट्या पीपचं नसतंच. भोक, बाहुली, पीपचं डोळ्यापासूनचं अंतर, स्कोपचं कडं आणि दांडीची लांबी, अशी ही पाच जणांची पंगत. एक जण सरकला की सगळ्यांना सरकून बसावं लागतं. आखूड धनुष्यात दोरीचा कोन तीव्र होतो, पीप चेहऱ्यापासून पुढे जातो, भोक लहान वाटायला लागतं. स्कोप बदलला, दांडी पुढे-मागे केली की तेच.

म्हणून आता माझं मत सांगतो, आणि यावर माझ्याशी भांडायला मैदानावरची मंडळी येणार हे माहीत आहे. मी म्हणतो, "जमेल तितकं बारीक" हा सल्ला चुकीचा आहे. बरोबर सल्ला असा की सगळ्यात वाईट उजेडातही पिवळं दिसेल आणि स्कोपचं कडं पूर्ण दिसून बाहेर प्रकाशाची बारीक कडा उरेल, इतपत भोक ठेवा. त्याहून बारीक नको. डोळा भोकात मोकळा हिंडायला नको हे खरं, पण त्याला रोखतो तो कड्याचा आधार. अंधाराने डोळा रोखला जात नाही, घाबरतो. भोक जरा मोठं आणि कडेची प्रकाशरेघ जाड झाली, तर कडं जरा मोठं घ्या. तोही मार्ग आहे, तो कुणी सांगत नाही.

दुसरं, दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. मुलं विचारतात, ओजस कुठला पीप लावतो, अदिती कुठला लावते. अरे, त्यांचा चेहरा, त्यांची ओढ, त्यांचा स्कोप, त्यांची बाहुली आणणार आहात का? दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून कुणी पळत नाही. इंटरनेटवरचे अमेरिकन सल्लेही जपून घ्या. तिकडे बरेच लोक कंपाउंड शिकारीसाठी घेतात. झुंजूमुंजू व्हायच्या वेळी झाडीत, जवळच्या अंतरावर मारायचं, म्हणून ते ३/१६, १/४ असली भलीमोठी भोकं सुचवतात. त्यांच्या कामाला ती बरोबर आहेत. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषय संपवला. आपलं काम ५० मीटरवरच्या कागदाशी.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महाग पडलं. भोकातून बघणाऱ्याला विचारा. मी तिच्या पीपमधून माझ्या डोळ्याने बघितलं होतं. पन्नाशीच्या डोळ्याला बारीक भोक औषधासारखं लागू पडतं. सोळाव्या वर्षीच्या डोळ्याला आजारच नव्हता, मी औषध पाजत होतो. आम्हा मोठ्या माणसांचं हे नेहमीचंच. आपल्याला ज्याने बरं वाटलं ते पोरांना सक्तीने द्यायचं, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं की म्हणायचं, सवय होईल. कधी कधी होते सवय. पण कधी कधी पोरगं खरंच सांगत असतं की मला दिसत नाहीये.

मैदानावर सगळे अर्जुनाची गोष्ट सांगतात. त्याला झाड दिसलं नाही, फांदी दिसली नाही, फक्त पोपटाचा डोळा दिसला. गोष्ट छान आहे. पण कंपाउंडवाल्याला फक्त डोळा दिसून भागत नाही. त्याला कडंही दिसावं लागतं, कडेचा उजेडही दिसावा लागतो, तेव्हा कुठे मधला बिंदू खरा मध्यावर येतो. भोवतालचं सगळं पुसून टाकलं की नेम पक्का होतो, हे मला आता पटत नाही. आणि ती गोष्ट आठवताना आपण एक विसरतो. द्रोणाचार्यांनी प्रत्येकाला आधी विचारलं होतं, "तुला काय दिसतं?" मी ते विचारलंच नाही.

सप्टेंबरमध्ये तिच्याकडे गेलो. बरोबर तीन नळकांडी, ३/६४, १/१६ आणि ३/३२. तिला म्हटलं, कुठलं लावलंय ते मी सांगणार नाही, तू बारा-बारा बाण मार, एकदा दुपारी आणि एकदा दिवस मावळताना. नेम नाही मोजायचा, फक्त सांगायचं, काय दिसतं. ती आधी नाहीच म्हणाली. मग भावोजींनी गाडी काढली, तेव्हा आली.

संध्याकाळच्या फेरीत पहिलंच नळकांडं लावून तिने दोरी ओढली आणि लगेच उतरवली. "हे नको. हे जुलैवालं आहे." न बघता ओळखलं. दुसऱ्याला म्हणाली, "दिसतंय सगळं, पण कडेला फार मोकळं आहे." तिसरं लावलं. ओढली, आणि बाण गेला. मग दुसरा गेला. मी दुर्बिणीतून बघत होतो, पण सांगायची गरज नव्हती, तिच्या पाठीवरून कळत होतं. "मामा, हे," म्हणाली. ते १/१६ होतं. माझ्या गणितातही तेच आलं होतं हे मी तिला सांगितलं नाही. एवढं तरी शिकलो. :)

अजून ती निवडीत आलेली नाही, पुढच्या वेळी बघू. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घ्यायचं २०२५ मध्ये ठरलंय, त्यामुळे मैदानावर गर्दीही वाढलीय. ते तिचं ती बघेल. माझं काम आता एवढंच आहे की नवीन दोरी चढवली, स्कोप बदलला, काहीही केलं की तिच्या मागे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा. मग ती जे सांगेल ते खरं धरायचं.

ते जुनं ३/६४ चं नळकांडं मी माझ्या धनुष्यावर परत लावलंय. रविवारी सकाळी, नऊ ते अकरा, उन्हात. मला त्यातून छान दिसतं. मला.